सर्किट आणि मंडळी : मेथॉडिझमविषयी नगरमधला एक संवाद

मेथॉडिझम ही अठराव्या शतकात इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या पोटातच जन्मलेली धर्मजागृतीची चळवळ. तिचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) आणि त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स (१७०७–१७८८) हे लिंकनशर परगण्यातील एपवर्थ गावच्या धर्मगुरूचे मुलगे. ऑक्सफर्डला असताना त्यांच्याभोवती मोजके तरुण जमले. ठरल्या वेळी प्रार्थना, उपवास, तुरुंगातल्या कैद्यांची विचारपूस असा त्यांचा काटेकोर दिनक्रम होता. त्यावरून इतरांनी चिडवण्यासाठी ‘मेथॉडिस्ट’ हे नाव ठेवले आणि तेच टिकले. पुढे जॉन अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत धर्मगुरू म्हणून गेले. ते काम साफ फसले. परतल्यावर २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका छोट्या सभेत त्यांना देवाच्या क्षमेची खात्री पटली. चळवळीचा आरंभ तेव्हापासून धरतात. १७३९ मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या आग्रहावरून ते ब्रिस्टल परिसरात उघड्यावर बोलू लागले. श्रोत्यांत किंग्जवूडचे कोळसा खाणकामगार होते, ज्यांच्यापर्यंत चर्च कधी पोहोचलेच नव्हते.

अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, प्रॉटेस्टंट पंथाचा पाया मेथॉडिस्टांनी घातला नाही. १८३१ च्या अखेरीस इथे ठाणे उघडले ते अमेरिकन मराठी मिशनने. हे लोक न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल परंपरेतले. त्या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. ती आपला पाळक आपण निवडते आणि तिच्या डोक्यावर बिशप नसतो. मेथॉडिस्टांची रीत नेमकी उलट. तिथे सगळ्या मंडळ्या एका सूत्रात बांधलेल्या असतात आणि पाळकाला नेमणुकीवर पाठवले जाते. म्हणूनच मेथॉडिझमचे मोल करायला नगरसारखी जागा नाही. इथे त्याच्या विरुद्ध तत्त्वावर उभी राहिलेली, शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली परंपरा शेजारीच आहे.

पुढील संवाद या दोन बाजूंचा. एक बाजू पुण्याकडच्या मेथॉडिस्ट पाळकाची. दुसरी नगरच्या जुन्या अमेरिकन मिशनच्या मंडळीत वाढलेल्या, शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईंची.

पाळक : बाई, मेथॉडिस्ट म्हटलं की नगरकरांना आधी बिशप आठवतो. पण चळवळीचा जीव बिशपात कधीच नव्हता, तो ‘क्लास’मध्ये होता. १७४२ साली ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदानं सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, गरिबांना तेही जमायचं नाही. त्यावर त्यानं सगळ्यांत गरीब अशी अकरा माणसं आपल्याकडे मागून घेतली. दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन, असं तो म्हणाला. अशी घरोघर फेरी सुरू झाली आणि मग कळायला लागलं, कुठं दारू आहे, कुठं भांडण आहे, कुठं आजारपण आहे. वेस्लींनी ते हेरलं. बारा जणांचा क्लास, त्यावर एक पुढारी, आठवड्यातून एकदा एकमेकांच्या जिवाची चौकशी. पुढारी मोची असेल, विणकर असेल, बाईमाणूसही असेल.

बाई : पाळकसाहेब, तिकिटाचं सांगायचं राहिलं. दर तीन महिन्यांनी क्लासच्या सभासदाला नवं तिकीट मिळायचं, आणि ज्याला मिळालं नाही तो बाहेर. न्यूकॅसलमधून १७४३ मध्ये चौसष्ट जणांना काढल्याची नोंद खुद्द वेस्लींच्या दैनंदिनीत आहे. सतरा जण दारूपायी गेले, दोघं शिव्याशापांपायी, एक आळसापायी. आणि एकोणतीस जण कशापायी? तर थिल्लर, बेफिकीर वागणुकीपायी! ही नावं कुणी ठरवली? आमच्या परंपरेत माणसाला मंडळीतून काढायचं तर मंडळी बसते, बोलते, मत घेते. तिथं शेवटचा शब्द वेस्लींचा असायचा.

पाळक : त्याच यादीत बायकोला मारल्याबद्दल एकाला काढल्याचं आहे, बाई. १७४३ साली इंग्लंडच्या कुठल्या कचेरीत नवऱ्याला याचा जाब विचारला जात होता?

बाई : हे मात्र मान्य करायलाच हवं.

क्लासची ही रचना वेस्लींच्या साऱ्या कामात सर्वांत टिकाऊ ठरली. वेस्ली घोड्यावरून गावोगाव फिरत. त्यांचा जन्मभराचा प्रवास अडीच लाख मैलांच्या घरात आणि प्रवचने चाळीस हजारांच्या आसपास सांगतात. मात्र प्रवचनाने पेटलेली माणसे आठवड्याभरात विझतात हे त्यांना पुरते ठाऊक होते. व्हाइटफील्ड त्यांच्याहून मोठे वक्ते. तरी त्यांच्यामागे इंग्लंडात तेवढी भक्कम संघटना उरली नाही, कारण श्रोत्यांना क्लासमध्ये बांधण्याचे काम त्यांनी त्या चिकाटीने केले नाही. अनेक क्लास मिळून एक सोसायटी, अनेक सोसायट्या मिळून एक सर्किट. सर्किटवर फिरते प्रचारक, त्यांतले बहुतेक दीक्षा न घेतलेले साधे लोक. सगळ्यांवर दरसाल भरणारी कॉन्फरन्स. तिची पहिली बैठक १७४४ मध्ये लंडनला झाली. वेस्ली वारले तेव्हा ब्रिटनमध्ये सभासद सत्तर हजारांवर गेले होते. ते स्वतः अखेरपर्यंत अँग्लिकन धर्मगुरूच राहिले. चळवळ वेगळी झाली ती त्यांच्यामागे.

व्हाइटफील्ड आणि वेस्ली यांच्यात फाटले ते तत्त्वावरून. व्हाइटफील्ड कॅल्व्हिनच्या शिकवणुकीचे. कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे, असे ते मानत. वेस्लींच्या मते देवाची कृपा प्रत्येकासाठी खुली आहे आणि ती घ्यायची की नाकारायची हे माणसाच्या हाती आहे.

पाळक : इथंच तुमच्या परंपरेची गाठ पडते. ज्या अमेरिकन बोर्डानं तुमचं मिशन पाठवलं, ते स्थापन करणारे लोक कॅल्व्हिनच्या शाळेतले.

बाई : स्थापन करणारे होते, नगरला येऊन राहिलेले सगळे तसेच उरले नाहीत. रॉबर्ट ह्यूम यांचं घ्या. जन्म मुंबईचा, १८७४ पासून काम नगरला, १८७८ मध्ये इथली धर्मशिक्षणाची सेमिनरी त्यांनी काढली. १८८६ मध्ये सुट्टीवर अमेरिकेत असताना ते बोलून गेले, की ज्यांच्या कानी ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही, त्यांना मरणानंतरही संधी असेल अशी आशा धरता येते. एवढ्यावरून बोर्डानं त्यांना नगरला परत पाठवायचं अडवून धरलं. मोठा वाद झाला आणि शेवटी ते परतले.

पाळक : म्हणजे ह्यूमसाहेब वेस्लींच्या अंगणात आले.

बाई : कुणाच्या अंगणात गेले नाहीत. इथल्या माणसांत आयुष्य काढणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नव्हता. ज्याच्या दारात आपण रोज बसतो, त्याचे आजे-पणजे कायमचे गेले, असं कसं सांगायचं?

दोन्ही परंपरांत वादाला जागा राहत नाही असा प्रांत गाण्याचा. चार्ल्स वेस्लींनी सहा हजारांहून अधिक गीते लिहिली. त्यांतली निवडक घेऊन जॉन यांनी १७८० मध्ये ५२५ गीतांचा संग्रह काढला. त्याची मांडणी पापाची जाणीव, शोध, आनंद, घसरण, पुन्हा उठणे अशा अनुभवांच्या क्रमाने केली. न वाचता येणाऱ्या खाणकामगाराला धर्मतत्त्वे कळली ती गाण्यातून. नगरला हेच काम कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि नारायण वामन टिळक यांनी केले. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि त्यानंतरची बरीच वर्षे ते नगरला राहिले. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या गीतांशेजारी त्यांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन आणले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, हे ते उघडपणे सांगत. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळक आणि सांगळे यांची गीते आहेत. ती मेथॉडिस्ट मंडळीतही गातात आणि नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चमध्येही.

पाळक : टिळकांत मला वेस्लींचं आणखी एक लक्षण दिसतं. १७४३ मध्ये वेस्लींनी सोसायटीचे नियम छापले. आत येण्यासाठी एकच अट ठेवली, तारणाची ओढ. कुठल्या चर्चचे आहात, हे विचारायचं नाही. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही असाच. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही त्यात चालत.

बाई : साम्य आहे, पण वंशावळ जोडू नका. टिळकांसमोर वारकऱ्यांची दिंडी होती. दिंडीत सामील होताना कुणी तिकीट मागत नाही.

पाळक : दिंडीलाही वीणेकरी असतो, शिस्त असते, मुक्काम ठरलेले असतात. नुसत्या ओढीवर पंढरपूर गाठता येत नाही, बाई.

इंग्लंडच्या समाजावर या चळवळीचा परिणाम काय झाला, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. एली हालेव्ही या फ्रेंच इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले, की फ्रान्ससारखी रक्तरंजित क्रांती इंग्लंडात झाली नाही याचे एक मोठे कारण मेथॉडिझम. कामगारवर्गातल्या धडाडीच्या माणसांना त्याने शिस्त आणि प्रतिष्ठा दिली. ई. पी. थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीवरील ग्रंथात याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. कारखान्याच्या भोंग्याला शरण जाणारा कामगार या धर्माने घडवला, असा त्यांचा आरोप. या थॉम्पसन यांचे वडील एडवर्ड थॉम्पसन बंगालमध्ये बांकुरा येथे मेथॉडिस्ट मिशनरी होते. पंथाची कठोर चिकित्सा करणारा लेखक त्याच पंथाच्या घरात वाढला होता, ही गोष्ट त्यांच्या टीकेला वजन देते.

बाई : थॉम्पसन यांचं म्हणणं आपल्याकडे लावून बघा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगरच्या खेड्यांतले महार आणि मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येनं मिशनकडे आले. त्यांना शाळा मिळाली, वाचता आलं, मास्तरकी मिळाली. पण ज्या गावकीनं त्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, तिच्याशी उभं राहून भांडायला कुणी शिकवलं का? प्रार्थना करा, सोसा, देवावर सोपवा, हेच जास्त सांगितलं गेलं.

पाळक : टॉलपडलचं विसरू नका. १८३४ मध्ये डॉर्सेट परगण्यातल्या सहा शेतमजुरांनी मजुरी वाढवून मिळावी म्हणून संघटना केली. सरकारनं त्यांना काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियाला धाडलं. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट प्रवचनकार. सभा कशी घ्यायची, वर्गणीचा हिशेब कसा ठेवायचा, चारचौघांत उभं राहून कसं बोलायचं, हे त्याला कुणी शिकवलं असेल? चॅपेलनं. क्लासच्या पुढाऱ्यातून कामगार पुढारी तयार झाले. दबून राहण्याची शिकवण आणि उभं राहण्याची शिकवण, दोन्ही एकाच बाकावर मिळाल्या.

बाई : मग तसंच नगरलाही झालं, असं म्हणता येईल. मिशनच्या फॅरारबाई १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आल्या. त्यांची मुलींची शाळा ज्योतिराव फुल्यांनी पाहिली आणि त्यानंतर पुण्यात शाळा काढली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षणही फॅरारबाईंकडे झाल्याचं सांगतात. मिशनची शाळा मिशनच्या हाती राहिली नाही. तिच्यातून निघालेल्या ठिणगीनं मिशनला न विचारता काम केलं.

पाळक : आणि ती ठिणगी कुठल्याही कॉन्फरन्सनं नेमून दिली नव्हती, असं तुम्हाला म्हणायचंय.

बाई : अगदी तेच म्हणायचंय.

मेथॉडिझमला बिशप मिळाला तो अमेरिकेत. स्वातंत्र्ययुद्धानंतर तिथले बरेचसे अँग्लिकन धर्मगुरू निघून गेले आणि हजारो मेथॉडिस्टांना प्रभुभोजन द्यायलाही कोणी उरले नाही. लंडनच्या बिशपांनी दाद दिली नाही, तेव्हा १७८४ मध्ये वेस्लींनी स्वतः टॉमस कोक यांना अधीक्षक म्हणून नेमून पाठवले. त्याच वर्षी नाताळात बाल्टिमोरला भरलेल्या कॉन्फरन्समध्ये कोक आणि फ्रान्सिस अ‍ॅस्बरी (१७४५–१८१६) यांच्या हाती नव्या चर्चची सूत्रे आली. अ‍ॅस्बरींना घर नव्हते, लग्न केले नाही. उरलेले आयुष्य त्यांनी घोड्याच्या पाठीवर काढले. सरहद्दीवर नवी वस्ती पडली की सर्किटवरचा प्रचारक तिथे हजर होई. सुशिक्षित पाळक आणि बांधलेले चर्च यांची वाट पाहणारे काँग्रिगेशनल लोक मागे पडले. १८५० च्या सुमारास मेथॉडिस्ट हा अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ होता.

बाई : आणि त्याच्या सहा वर्षं आधी तो दुभंगला होता. वेस्लींनी १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. मरणाच्या सहा दिवस आधी विल्बरफोर्सना पत्र लिहून, या लढ्यात मागे हटू नका असं कळवलं. त्यांच्याच नावाच्या चर्चमध्ये १८४४ ला एका बिशपाच्या ताब्यात गुलाम असल्यावरून उत्तर आणि दक्षिण वेगळे झाले, ते १९३९ पर्यंत. काळ्या सभासदांनी तर त्याआधीच, १८१६ मध्ये, रिचर्ड अ‍ॅलन यांच्या पुढाकारानं आपलं स्वतंत्र मेथॉडिस्ट चर्च उभारलं. सूत्रात बांधलेलं चर्च पापातही एकत्र बांधलं जातं, पाळकसाहेब.

पाळक : खरं आहे, त्यावर पांघरूण घालता येणार नाही. फक्त एवढंच, की गुलामगिरीविषयी अमेरिकन बोर्डही गुळमुळीत राहिलं. त्याला कंटाळून त्यांच्यातल्याच लोकांनी १८४६ मध्ये वेगळी मिशनरी संस्था काढली. स्वायत्त मंडळ्यांनीही तेव्हा धैर्य दाखवलं असं नाही.

भारतात अमेरिकन मेथॉडिस्टांचे काम १८५६ मध्ये विल्यम बटलर यांच्यापासून बरेलीच्या बाजूने सुरू झाले. १८७० मध्ये इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन या दोघी आल्या. एकीने लखनौत मुलींचे शिक्षण, दुसरीने बरेलीत स्त्रियांचे आरोग्य हाती घेतले. महाराष्ट्रात चळवळ आली ती विल्यम टेलर (१८२१–१९०२) यांच्यामुळे. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीपुढे रस्त्यावर उभे राहून बोललेला हा माणूस १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला. त्याने सभा घेतल्या, ऐकणाऱ्यांचे लगेच क्लास बांधले आणि १८७२ च्या सुरुवातीला मुंबईत मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली. पाठोपाठ पुण्यातही. परदेशातल्या बोर्डाचा पैसा घ्यायचा नाही, मंडळीने आपला खर्च आपण भागवावा, हा टेलर यांचा बाणा. पुण्यातल्या अशाच सभेत विल्यम ओल्डहॅम या तरुण भूमापकाचे मन पालटले. पुढे १८८५ मध्ये सिंगापूरला मेथॉडिस्ट मिशनची स्थापना त्यांच्या हातून झाली. पुणे कॅम्पातील ओल्डहॅम चर्च त्यांच्याच नावाचे आहे.

पाळक : टेलर यांचं स्वावलंबन ही आमची अभिमानाची गोष्ट.

बाई : स्वावलंबन जमलं, कारण त्या मंडळ्यांतले बरेच लोक इंग्रजी बोलणारे, रेल्वेत आणि सरकारी खात्यांत पगारावर असलेले होते. नेवाशाच्या किंवा राहुरीच्या खेड्यात मंडळीची वर्गणी म्हणजे सुगीला आलेली ज्वारी-बाजरी. आमच्या बोर्डाचे रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आले. मंडळीनं आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रसार स्वतः करावा, असं त्यांचं सूत्र. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले. टेलर मुंबईत उतरायच्या कितीतरी आधी नगरला मराठी माणूस मराठी मंडळीचा पाळक होता.

पाळक : त्याच अँडरसनसाहेबांच्या दौऱ्यानंतर मिशनच्या इंग्रजी शिक्षणावर गदा आली, हेही सांगा.

बाई : आली, आणि त्याची किंमत नगरच्या पोरांनी मोजली. शहाणपण दूरच्या कचेरीत ठरलं की असं होतं, मग तिचं नाव बोर्ड असो की कॉन्फरन्स.

या दोन परंपरांना जोडणारा माणूस म्हणजे जॉर्ज बोवेन (१८१६–१८८८). ते अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे नगरच्याच मिशनचे कार्यकर्ते म्हणून १८४८ मध्ये मुंबईत आले. थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार घेणे सोडले. मिशनऱ्यांच्या बंगल्यात राहण्याऐवजी देशी वस्तीत अगदी जुजबी खर्चात राहू लागले आणि जन्मभर तसेच राहिले. रस्त्यावर उभे राहून ते मराठीत बोलत आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवत. टेलर आले तेव्हा मुंबईत दोन तपे मुरलेला हा माणूस त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि पुढे स्वतःच मेथॉडिस्ट झाला. पगार नाकारणाऱ्या बोवेन यांना बोर्डाच्या पैशाशिवाय चालणारी चळवळ आपली वाटली, यात नवल नाही. महाराष्ट्रातल्या मेथॉडिस्ट इतिहासात टेलर यांचे नाव आधी घेतले जाते. न्यायाने पाहिले तर टेलर काही महिने बोलून गेले. माणसे सांभाळत मागे राहिले ते बोवेन.

नगर जिल्ह्यात मेथॉडिस्टांचा शिरकाव थोडाच झाला. प्रॉटेस्टंट मिशनांनी एकमेकांचे प्रदेश वाटून घेतले होते आणि नगर अमेरिकन मराठी मिशनचे मानले जाई. (अँग्लिकनांच्या एसपीजी या संस्थेने मात्र १८७० नंतर जिल्ह्यात काम सुरू केले आणि त्यावरून कटुताही आली.) मेथॉडिस्ट ठाणे झाले ते उत्तरेकडे, गोदाकाठच्या पुणतांब्याला. चांगदेवांच्या समाधीचे हे गाव दौंड–मनमाड लोहमार्गावर आहे. त्याच मार्गावर पुढे कोपरगाव आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की येवले लागते.

पाळक : येवल्याचा उल्लेख आला ते बरं झालं. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. आंबेडकरांनी तिथंच जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. पुढच्याच वर्षी जे. वास्कम पिकेट मुंबईचे मेथॉडिस्ट बिशप म्हणून आले. पिकेट यांनी १९३३ मध्ये भारतातल्या सामूहिक धर्मांतरांची पाहणी पुस्तकरूपानं मांडली होती. सबंध समाज एकत्र येतो तेव्हा तो धर्म जास्त टिकतो, असं त्यांचं म्हणणं. आंबेडकरांशी आपल्या गाठीभेटी झाल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय.

बाई : आणि तरी आंबेडकर चर्चकडे आले नाहीत, १९५६ मध्ये त्यांनी बुद्धाची वाट धरली. चर्चमध्ये आलेल्यांच्या पंगतीत जात शिल्लक होती, ती त्यांना दिसत नव्हती असं नाही. यात नगरच्या मंडळ्यांनी मेथॉडिस्टांकडे बोट दाखवू नये, आणि मेथॉडिस्टांनी नगरकडे.

पाळक : क्लासमध्ये दर आठवड्याला एकमेकांना जाब विचारायची रीत आमच्याकडे चालू राहिली असती, तर हा प्रश्नही त्या बैठकीत विचारला गेला असता. ती रीत सुटली, सर्किट आणि बिशप तेवढे उरले. आमची खरी हानी इथं झाली.

मेथॉडिझमच्या फांद्या मात्र नगरपर्यंत दुसऱ्या वाटांनी पोहोचल्या. विल्यम बूथ (१८२९–१९१२) हे मेथॉडिस्टांच्या एका शाखेचे पाळक. फिरत्या प्रचाराला मोकळीक मिळेना, म्हणून १८६१ मध्ये ते बाहेर पडले. पत्नी कॅथरीन यांच्यासह त्यांनी १८६५ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत काम उभे केले, तेच १८७८ मध्ये मुक्तिफौज झाले. फौजेची तुकडी १९ सप्टेंबर १८८२ रोजी मुंबईत उतरली. तिचे प्रमुख फ्रेडरिक टकर हे सनदी नोकरीचा राजीनामा दिलेले अधिकारी. ते भगवी वस्त्रे घालून अनवाणी हिंडत. नगरमधले मुक्तिफौजेचे इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल विल्यम यांच्या कन्येच्या नावाचे. शहरात त्याला नुसते ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणतात.

दुसरी वाट केडगावच्या मुक्ति मिशनची. हे केडगाव नगरला लागून असलेले नव्हे, पुणे जिल्ह्यातले. पंडिता रमाबाईंच्या मदतीला आलेल्या मिनी एब्रम्स या मुळात मुंबईत काम करणाऱ्या मेथॉडिस्ट मिशनरी. १९०५ मध्ये मुक्तीत मुलींमध्ये जी जागृती झाली, तिच्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक चिलीतल्या मेथॉडिस्ट मिशनरी हूव्हर दांपत्याच्या हाती पडले. मिसेस हूव्हर आणि एब्रम्स शिकागोला एकत्र शिकलेल्या होत्या. त्यातून १९०९ मध्ये चिलीच्या मेथॉडिस्टांत पेन्टेकॉस्टल चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रातल्या एका खेड्यातून दक्षिण अमेरिकेत गेलेला हा प्रभाव मेथॉडिस्ट ओळखीपाळखीच्या जाळ्यातून वाहिला.

बाई : इथं मात्र तुमच्या जोडणीचं महत्त्व मानायला हवं. सुटी मंडळी एवढ्या लांब पोहोचली नसती.

पाळक : स्टॅन्ली जोन्स यांचंही तसंच. भारतात आयुष्य घालवलेले मेथॉडिस्ट मिशनरी. १९३० मध्ये सातताल इथं त्यांनी ख्रिस्ती आश्रम काढला आणि गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाचा मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर परिणाम झाला.

दोन्ही परंपरांची शेवटची मोठी गाठ १९७० मध्ये पडायची होती. उत्तर भारतातल्या चर्चांच्या एकीकरणाची बोलणी १९२९ पासून चालू होती. अमेरिकन वंशावळीचे मेथॉडिस्ट चर्चेत अखेरपर्यंत होते. बिशपपदाचे स्वरूप, पाळकांच्या एकीकरणाचा विधी, जागतिक मेथॉडिस्ट नात्याचे पुढे काय, असे प्रश्न उरले आणि १९७० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी माघार घेतली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. त्यात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन वंशावळीचे मेथॉडिस्ट होते. आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियातून आलेल्या नगरच्या मंडळ्याही.

बाई : म्हणजे बिशप नको म्हणून ज्यांचे पूर्वज इंग्लंड सोडून गेले, त्यांच्या मंडळ्यांनी बिशप पत्करला. आणि ज्यांना बिशपाची सवय होती, ते बाहेर राहिले! नगरच्या जुन्या लोकांना हे जड गेलं. पाळक कोण असावा, इमारत कुणाची, पैसा कुठं जमा करायचा, हे आजवर मंडळीच्या सभेत ठरायचं. आता ते डायोसिसच्या कचेरीत गेलं.

पाळक : आमच्याकडे ते पहिल्यापासून तसंच आहे. वार्षिक कॉन्फरन्सच्या शेवटच्या दिवशी बिशप नेमणुकांची यादी वाचतात. आपलं नाव कुठल्या गावापुढं येतं, ते पाळक आणि त्याची बायको तिथं बसून ऐकतात. मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, सगळं त्या यादीपुढं बाजूला राहतं. मी त्याचं कौतुक करत नाही. पण या रीतीमुळं कुठल्याही लहान, गरीब मंडळीला पाळक मिळतो. निवडीवर सोडलं असतं तर तिच्याकडे कोण फिरकलं असतं?

बाई : आणि मोठ्या मंडळीला नको असलेला पाळकही मिळतो. तिनं नाही म्हणायचं कुठं?

पाळक : कॉन्फरन्समध्ये. तिथं पाळकांइतकेच मंडळ्यांचे प्रतिनिधी बसतात. ते बोलत नाहीत, हा दोष रीतीचा मानायचा की माणसांचा, यावर आपलं जमणार नाही.

बाई : नाही जमणार. बोलायची सवय माणसाला गावच्या मंडळीतच लागते. तिथं निर्णय उरला नाही, तर वर जाऊन तो काय बोलणार?

सीएनआयबाहेर राहिलेल्या मेथॉडिस्टांचे ७ जानेवारी १९८१ रोजी ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ हे स्वायत्त चर्च झाले. अमेरिकन कॉन्फरन्सची सत्ता संपली. मुंबई-पुण्याकडच्या मेथॉडिस्ट मंडळ्या आज त्याच्या बॉम्बे रीजनल कॉन्फरन्समध्ये आहेत आणि नगरची ह्यूम मेमोरियल मंडळी सीएनआयच्या परंपरेत.